डॉक्टरांना झोपू द्या!

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात पहाटेचे तीन वाजलेले असतात. आदल्या दिवशी सकाळी कामावर आलेला तरुण निवासी डॉक्टर एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जात असतो. उजाडले तरी त्याची सुटका नाही; पुढे राउंड आहे, बाह्यरुग्ण विभाग आहे. आपल्या माणसाचे प्राण त्याच्या हाती सोपवून आपण बाहेरच्या बाकावर निर्धास्तपणे डोळे मिटतो. परंतु तो स्वतः शेवटचा केव्हा झोपला, हे विचारण्याचे आपल्यापैकी कोणाला सुचते काय?

‘आम्हीही असेच शिकलो’ हे ज्येष्ठांचे यावरील ठेवणीतले उत्तर! त्यांच्या कष्टांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु एका पिढीने सोसले म्हणून ते सोसणे शहाणपणाचे ठरत नाही. ज्याला ‘बर्नआउट’ म्हणतात, त्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोग न म्हणता कामातून उद्भवणारी अवस्था म्हटले आहे. शक्ती सरणे, कामावरून मन उडणे आणि कर्तबगारी उणावणे, ही तिची तीन लक्षणे. अवस्था कामातून उद्भवते, तर उपायही कामाच्या व्यवस्थेतच शोधला पाहिजे.

अमेरिकेला हा धडा एका मृत्यूने शिकविला. १९८४ साली न्यूयॉर्कमधील रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली. शिकाऊ डॉक्टरांच्या अखंड जागरणाचा प्रश्न तिच्या वडिलांनी लावून धरला, आणि १९८९ मध्ये त्या राज्याने आठवड्यास ८० तास व सलग २४ तास अशी मर्यादा घातली.

आपल्याकडे तर नियम त्याहून उदार आहे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या योजनेत निवासी डॉक्टरांसाठी सलग १२ आणि आठवड्यास ४८ तासांची मर्यादा सांगितली गेली. मात्र २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलास, आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम नको, अशी शिफारस करावी लागली. बत्तीस वर्षांत ४८ चे ७४ झाले, आणि तेही सवलत म्हणून मागावयाचे! त्याच कृतिदलाच्या पाहणीत २७.८ टक्के पदवीपूर्व व १५.३ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपणांस मानसिक विकार असल्याचे सांगितले. हा आकडा वाचून ज्यांची झोप उडावयास हवी, ते मात्र स्वस्थ आहेत.

योगवर्गांस आमचा विरोध नाही. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही प्रत्येक वसतिगृहात लावलेला असावा. परंतु जागरणाने झिजलेल्या माणसाच्या उरल्यासुरल्या झोपेतून तास काढून त्याला मनःशांतीचे व्याख्यान ऐकविणे, ही क्रूर थट्टा होय. प्रत्येक विभागाने ड्यूटीचा तक्ता उघड लावावा. मर्यादा ओलांडली गेल्यास विभागप्रमुखांनी जाब द्यावा. रिकाम्या जागा सरकारने भराव्यात. आणि मानसोपचार घेणाऱ्याचे नाव गुप्त राहून परीक्षेत त्याला झळ पोहोचू नये.

हे उपकार म्हणून करावयाचे नाही. थकलेल्या डोळ्यांनी लिहिलेला औषधाचा आकडा चुकला, तर त्याची किंमत खाटेवरचा रुग्ण मोजतो. आणि त्या खाटेवर उद्या आपण असू.