दोन क्विंटल कापसाचा जोडा

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. एअर जॉर्डन वन या बुटांचा घोट्यापर्यंत येणारा जोडा आपल्याकडे साधारण सोळा-सतरा हजारांना पडतो. म्हणजे दोन क्विंटल कापूस, तोही हमीभाव पदरात पडला तर. वेचाईची मजुरी, बियाणं, फवारणी यांचा खर्च त्यात धरलेलाच नाही. वऱ्हाडात पहिल्या वेच्याचा पैसा आणि पोरांचा दिवाळीचा हट्ट बहुधा एकाच सुमारास घरात येतात, त्यामुळे हा हिशेब इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

हट्टाचं मूळ बरेचदा शाळेत नसून क्लासमध्ये असतं. शाळेत गणवेश असतो, बूट काळे किंवा पांढरे, सगळ्यांचे सारखे. अकोल्याच्या तोष्णीवाल लेआउटमध्ये मात्र नीट-जेईईच्या तयारीसाठी बुलडाणा, वाशीमपासूनची मुलं येतात आणि तिथे कोणाच्या पायात काय आहे ते सगळ्यांना दिसतं. मग घरी येऊन पोरगं म्हणतं, “बाबा, सप्पायजवळ हायेत, मायाजवळच नाही.” ‘सप्पा’ म्हणजे बहुधा चौघं-पाचजणच असतात. पण त्याचं जग तेवढंच आहे.

या वाक्याकडे निव्वळ लाड म्हणून पाहणं बरोबर नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन प्यू यांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड भागात गरीब आणि सुखवस्तू अशा दोन्ही घरांतल्या मुलांचा आणि आईबापांचा अभ्यास केला. ‘लाँगिंग अँड बिलाँगिंग’ हे त्यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं. त्यांना आढळलं ते असं : मुलं वस्तू मागतात ती मुख्यतः चारचौघांच्या बोलण्यात आपल्याला जागा मिळावी म्हणून. हातावर पोट असलेले आईबाप इतर खर्चाला कात्री लावून अशी एखादी वस्तू घेऊन देतात, तर पैसेवाले एखादी गोष्ट मुद्दाम नाकारून आपण मुलांना वळण लावतो असं दाखवतात. अमरावतीतल्या कोणत्याही मध्यमवर्गीय घराला यातलं अर्धंअधिक ओळखीचं वाटेल.

हे वेड काही आजचं नाही. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या नावाचा पहिला जोडा १९८५ मध्ये ६५ डॉलरला बाजारात आला. पाचच वर्षांत, मे १९९० मध्ये, ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ने मुखपृष्ठावर बुटांसाठी होणाऱ्या लूटमारीचा आणि खुनांचा विषय घेतला. आपल्याकडे तेवढं टोक गाठलेलं नाही. आपल्याकडे ‘फर्स्ट कॉपी’ आली. दीड-दोन हजारांत हुबेहूब दिसणारा जोडा इन्स्टाग्रामवरून घरपोच येतो. बनावट मार्क लावून माल विकणं १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याने गुन्हा आहे. पण त्याहून वाईट म्हणजे आईबापांनीच पोराला खोटं मिरवायला शिकवणं. आपल्या पायात काय आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि कोणी जवळून पाहिलं तर काय, या धास्तीत ते वावरतं.

अस्सल जोड्याचीही धास्ती असतेच. पुढच्या भागावर घडी पडू नये म्हणून काही मुलं बोटं न वाकवता चालतात, आत प्लॅस्टिकची ढाल बसवतात. चौदा वर्षांच्या मुलाने पाय न वाकवता चालावं, यासाठी सोळा हजार!

शाळकरी वयात पाय वर्षाला एखाद-दुसऱ्या नंबराने वाढतो. मुलींचा साधारण तेराव्या-चौदाव्या, मुलांचा पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत. ‘धाकट्याला होईल’ म्हणून माळ्यावर ठेवावा, तर पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्याने काही वर्षांत न वापरताही भुगा होतो. शिवाय एअर जॉर्डन वन आणि १९८२ चा एअर फोर्स वन हे मुळात बास्केटबॉलचे बूट, आता फॅशनचे. धावण्यासाठी ते जड पडतात.

आणि वऱ्हाडातली पोरं धावतात. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३६ मध्ये मंडळाच्या चमूने बर्लिनमध्ये ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. आज पहाटे गावोगावच्या रस्त्यांवर पोलीस भरतीची तयारी चालते : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. डांबरी रस्त्यावर झिजलेल्या तळाने रोज धावलं की नडगी धरते. अशा मुलीने चार हजारांचे धावायचे बूट मागितले, तर बापाने उसनवारी करूनही द्यावेत. तिथे पैसा पायाच्या कामी येतो.

याच जिल्ह्यांत जिल्हा परिषदेच्या शाळाही आहेत. २०२३ मध्ये राज्य सरकारने पहिली ते आठवीच्या मुलांना बूट आणि पायमोजे द्यायचं ठरवलं, तेव्हा दर विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले होते. सोळा-सतरा हजारांत अशी शंभरएक मुलं बसतात. पोराला हे टोमणा म्हणून ऐकवू नये. घरातला पगार, हप्ते, कापसाची पट्टी यांच्यासोबत समोर ठेवावं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हिशेब कळतो, ‘परवडत नाही’ एवढंच बोलून विषय मिटवला की तो चिडतो.

पाय वाढायचा थांबेपर्यंत मिरवायचा महागडा जोडा घेऊ नये, असं या लेखाचं स्पष्ट मत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महागावर १८ टक्के. त्या मर्यादेत रोजच्या वापराचा चांगला जोडा मिळतो. त्याहून वरचा हवा असेल, तर वरची रक्कम भाऊबीजेच्या नि वाढदिवसाच्या पैशांतून मुलाने साठवावी. खरेदीला संध्याकाळी जावं, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. रोजचे पायमोजे घालून, दोन्ही पायांत बूट चढवून, उभं राहून पाहावं. अंगठ्यापुढे बोटभर जागा सुटली की तो नंबर घ्यावा.