गंधास मुकल्यावर

आपणांस वास येत नाही, हे मनुष्यास पुष्कळदा उशिराच कळते. जुन्या पीनसाने आमचे घ्राणेंद्रिय निकामी केले होते. तथापि देवघरातील उदबत्तीचा सुगंध गेला, एवढेच दुःख आम्ही मानीत होतो. परंतु एके दिवशी गॅसची कळ उघडी राहून घर दर्पाने भरले, आणि आम्ही शेजारच्या खोलीत निश्चिंत वाचीत बसलो होतो! सूनबाई धावत आली म्हणून अनर्थ टळला. नाक हे घराचे राखणदार आहे, हे तेव्हा उमजले.

गंध जाणणारी त्वचा नाकाच्या अगदी माथ्याशी असते. सायनसच्या सुजेने वाट कोंदली की वारा तेथवर पोहोचतच नाही. म्हणून प्रथम सूज उतरविली पाहिजे. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणे व डॉक्टरांनी सांगितलेला फवारा नियमाने घेणे, हे त्याचे उपाय.

त्यापुढे अभ्यास. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल प्रभृतींनी २००९ साली एक पद्धती प्रसिद्ध केली. गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग यांचे वास सकाळ-संध्याकाळ, मन लावून, १२ आठवडे घ्यावयाचे. सर्वांस गुण येतो असे नाही, पुष्कळांस येतो.

जन्मभर मुलांकडून रूपावली घोकून घेतली. आता आम्हीच विद्यार्थी झालो. दहाव्या आठवड्यात लवंग अंधुकशी ओळखू आली. अभ्यास अद्याप चालू आहे.