खांदेरी नावाची पाणबुडी

आपल्या माधव नगरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही भारतीय नौदलाच्या पहिल्या चार पाणबुड्यांपैकी एकीचे नाव आपल्या ओळखीचे आहे : खांदेरी. इंग्रजांचा विरोध न जुमानता शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईजवळच्या ज्या बेटावर किल्ला बांधायला घेतला, त्याचेच हे नाव.

१९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडे ‘गाझी’ ही पाणबुडी होती. आपल्याकडे एकही नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी सोव्हिएत संघाकडून चार पाणबुड्या घेतल्या. ८ डिसेंबर १९६७ रोजी ‘कलवरी’ नौदलात आली. म्हणून हा दिवस ‘पाणबुडी दिन’ म्हणून पाळतात. पुढे १९६८ मध्ये ‘खांदेरी’, तर १९६९ मध्ये ‘करंज’ आणि ‘कुरसुरा’ आल्या.

सुमारे ९१ मीटर लांबीच्या या पाणबुडीत पंचाहत्तरच्या आसपास माणसे राहत. पाणतीर सोडण्यासाठी पुढे सहा व मागे चार नळ्या होत्या. पाण्याखाली ती बॅटरीवर चाले. बॅटरी उतरली की डिझेल इंजिन चालवून ती भरावी लागे. इंजिनाला हवा हवी, म्हणून वर येणे भाग पडे आणि नेमके तेव्हाच शत्रूला दिसण्याचे भय असे.

१९७१ च्या युद्धात ‘करंज’ व ‘कुरसुरा’ अरबी समुद्रात, तर ‘खांदेरी’ बंगालच्या उपसागरात होती. ‘कुरसुरा’ला सक्त आदेश होता : समोरचे जहाज कोणाचे, याची पक्की खात्री झाल्याशिवाय पाणतीर सोडायचा नाही. आपल्या पाणबुड्यांनी त्या युद्धात एकही जहाज बुडवले नाही. उलट ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या ‘हंगोर’ने दीवजवळ आपली ‘खुकरी’ बुडवली; १९४ जण हुतात्मा झाले.

मग आपल्या पाणबुड्या अपयशी ठरल्या का? आम्हाला तसे वाटत नाही. शत्रूच्या समुद्रात दिवसेंदिवस दबा धरून बसणे आणि खात्री नसताना हात आवरणे, यालाही धैर्य लागते. ‘करंज’चे कप्तान विजयसिंह शेखावत यांना वीरचक्र मिळाले, पुढे ते नौदलप्रमुख झाले. १० मार्च २०२१ रोजी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली नवी ‘करंज’ नौदलात दाखल झाली, तेव्हा तेच प्रमुख पाहुणे होते. जुनी विकत आणलेली, नवी घरी बांधलेली!

सुटीत विशाखापट्टणमला गेलात तर समुद्रकिनारी संग्रहालय म्हणून ठेवलेली ‘कुरसुरा’ आतून अवश्य पाहा. त्या अरुंद वाटेवरून चालताना, पंचाहत्तर माणसे येथे कशी राहत असतील याचा विचार करा.