नाताळच्या टेबलावर मधोमध काय?

माझी थोरली बहीण मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमध्ये राहते. तिचं सासर इंग्रज. तिच्याकडच्या पहिल्या नाताळाला माझ्यासमोर आलेलं ताट मला अजून आठवतं. भाजलेले बटाटे, पार्सनिप, गाजरं, चिमुकल्या कोबीसारखे दिसणारे ब्रसेल्स स्प्राउट्स आणि बाजूला क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस. ताट भरलेलं होतं. मग टर्की आली, टेबलाच्या मधोमध ठेवली गेली. ताईच्या सासऱ्यांनी सुरी हातात घेतली, सगळ्यांनी आपापली ताटं पुढे केली. मी माझं ताट जवळ ओढून बसून राहिले. मागाहून कळलं की बटाटे हंसाच्या चरबीत भाजलेले होते आणि स्प्राउट्स बेकनबरोबर परतून बेकन तेवढं वेचून काढलं होतं. कुणाच्याही मनात वावगं नव्हतं. ताईच्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

या जेवणात शाकाहारी माणसाची अडचण नेमकी कुठे होते, ते आपल्याला चटकन लक्षात येत नाही. आपल्या रोजच्या ताटात एक पदार्थ राजा आणि बाकीचे प्रजा असं नसतं. वरणभात, भाजी, पोळी, कोशिंबीर, लोणचं सगळे आपापल्या जागी. एक कमी पडला तरी जेवण मोडत नाही. इंग्रजांचं नाताळाचं जेवण मात्र एका भाजलेल्या मोठ्या पदार्थाभोवती रचलेलं असतं. ग्रेव्ही त्याच्याच रसाची, स्टफिंग त्याच्यासोबतचं, क्रॅनबेरीचा सॉस त्याला तोंडी लावायला. तो काढून घेतला की उरतं ते तोंडीलावणं. होळीला पुरणपोळी न करता कुणी नुसती कटाची आमटी आणि कुरडया वाढल्या, तर पोट भरेल, पण होळी झाली असं वाटेल का? म्हणूनच ‘भाज्या आहेतच की चार’ हे उत्तर पुरत नाही. शाकाहारी पाहुण्यालाही त्या दिवसाचा मानाचा पदार्थ हवा.

तसं केलं तर परंपरा मोडते, असंही कुणी मानू नये. टर्की काही अनादी काळापासून तिथे बसलेली नाही. डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरोल’ 1843चं. त्यातल्या गरीब क्रॅचिट कुटुंबाच्या टेबलावर हंस आहे. टर्की ही स्क्रूजने विकत घेऊन पाठवलेली श्रीमंती भेट. घरोघरी टर्की आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. दुसरीकडे, पोलंडसारख्या कडव्या कॅथलिक देशात 24 डिसेंबरच्या रात्रीच्या मुख्य जेवणात मांस नसतंच. मासे असतात, पण त्यांच्या जोडीला बिटाचं सार, कोबी आणि अळंबी भरलेले पिएरोगी असे बारा पदार्थ मांडले जातात. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती नाताळाआधी चाळीसहून अधिक दिवस दूध-लोणीसुद्धा सोडतात.

आणि सॅल्फर्ड! ताईच्या घरापासून फार दूर नाही असा एक इतिहास आहे. विल्यम काउहर्ड नावाच्या धर्मोपदेशकाने 1809मध्ये याच गावात ‘बायबल ख्रिश्चन’ पंथ सुरू केला. मांस आणि दारू वर्ज्य, हा त्याच्या अनुयायांचा नेम होता. या पंथातल्या मार्था ब्रदरटन यांनी 1812मध्ये शाकाहारी पाककृती छापायला सुरुवात केली. इंग्रजीतलं ते पहिलं शाकाहारी पाकपुस्तक मानलं जातं. त्यांचे पती जोसेफ ब्रदरटन सॅल्फर्डचे पहिले खासदार. 1847मध्ये रॅम्सगेटला ज्या सभेत ‘व्हेजिटेरियन सोसायटी’ स्थापन झाली, तिचे अध्यक्ष तेच होते. म्हणजे इंग्लंडमधला संघटित शाकाहार चर्चच्या बाकांवरूनही उठून आला आहे.

आपल्या पंडिता रमाबाईंची आठवण मला तिथे हमखास येते. 1883मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टर्सच्या मठात राहिल्या, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण शाकाहार सोडला नाही. धर्म बदलला तरी खाण्यापिण्याचे जुने नियम का पाळायचे, हा जातीचा अभिमान तर नव्हे, असा प्रश्न त्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना पडला. दोघींच्या पत्रांत त्यावरून खडाजंगी आहे. वाद पुडिंगपर्यंत जातो. रमाबाईंनी ठामपणे कळवलं की पूर्वजांच्या चालीरीती आपण होतील तितक्या पाळणार. पंचविशीतली एक बाई, परक्या देशात, ज्यांच्या आश्रयाला राहिली त्यांनाच हे लिहिते. येशूवरची श्रद्धा आणि ताटातलं अन्न या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. त्या काळी त्यांच्यासाठी कुणी एक चांगला शाकाहारी पदार्थ टेबलाच्या मधोमध आणून ठेवला असता तर, असं मला फार वाटतं.

तर, कोणता पदार्थ? गेल्या काही वर्षांत मी बरेच खाल्ले, करूनही पाहिले. माझ्या कसोट्या चार. तो अख्खा टेबलावर यावा आणि सगळ्यांसमोर कापता यावा. ग्रेव्ही त्याच्यावर पडली की चव वाढावी. आदल्या दिवशी करून ठेवता यावा. आणि त्यात पोटाला आधार देणारं काही असावं, नुसती भाजी नको.

मश्रूम रिसोटो पहिल्याच कसोटीला पडतो. हॉटेलवाले शाकाहारी माणसाला तो सर्रास देतात, पण तो अगदी वेळेवर ढवळत बसावं लागतं आणि त्यावर ग्रेव्ही ओतणं म्हणजे पातळावर पातळ. शिवाय त्यात पार्मेजान असतं. अस्सल पार्मेजान वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, हे कित्येक यजमानांना ठाऊक नसतं. अख्खा भाजलेला फ्लॉवर दिसतो देखणा. कापला की आत फ्लॉवरच निघतो. भोपळ्यात सारण भरून भाजणं छान, दोघांचं जेवण असेल तर जरूर करावं. दुकानातली नकली टर्की मला पटत नाही. जे मांस मी कधी खाल्लंच नाही, त्याची नक्कल माझ्यासाठी कशाला?

खरी स्पर्धा दोघांत आहे: वेलिंग्टन आणि नट रोस्ट. वेलिंग्टन म्हणजे पालक, मश्रूम, चेस्टनट यांचं सारण पफ पेस्ट्रीत गुंडाळून सोनेरी भाजलेली लांबट वळकटी. टेबलावर आली की लोक ‘वा’ म्हणतातच. पण मश्रूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते आधी पूर्ण आटवलं नाही आणि सारण गार केलं नाही, तर खालची पेस्ट्री ओली, गिच्च राहते. वेलिंग्टन कच्चा गुंडाळून आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवता येतो, पण भाजायचा ऐनवेळीच. भाजून ठेवला तर मऊ पडतो. स्वयंपाकघरात हात बसलेला असेल तर अवश्य करा.

माझं मत नट रोस्टला, म्हणजे सुकामेवा, मश्रूम आणि पावाचा चुरा साच्यात दाबून भाजलेल्या वडीला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शाकाहारी पाकपुस्तकांतून तो चालत आला आहे. मधल्या काळात त्याची फार चेष्टा झाली. कोरडा, भुसा भरल्यासारखा, असं म्हणायचे, आणि वाईट केलेला नट रोस्ट खरोखर तसाच लागतो. ताईच्या सासूबाईंनी दुसऱ्या वर्षी तो माझ्यासाठी केला तेव्हा मी 24 तारखेला दिवसभर त्यांच्या हाताखाली होते. कोरडा का होतो, ते तिथे समजलं.

त्यांनी 200 ग्रॅम अक्रोड आणि काजू आधी ओव्हनमध्ये खमंग भाजले. मग मिक्सरला हात न लावता सुरीने चिरले. ‘अर्धे बारीक, अर्धे हरभऱ्याच्या डाळीएवढे,’ ही मराठी मोजमापाची भर ताईची. सगळे पूड केले की ती पूड ओलावा शोषून घेते आणि वडी भुशासारखी होते. सगळे मोठे ठेवले तर कापताना ढासळते. दोन कांदे आणि सेलरीचे दांडे लोण्यात मऊ होईपर्यंत परतले. 250 ग्रॅम मश्रूम वेगळ्या कढईत. मश्रूमला पाणी सुटलं, तडतड थांबली, सासूबाई हलल्या नाहीत. पाणी आटलं, पुन्हा तडतड सुरू झाली, कडा तपकिरी झाल्या. मला त्या म्हणाल्या, ‘ऐक. कढई पुन्हा बोलायला लागली की झालं.’ मग त्यात थाइम, सेज, लसूण आणि चमचाभर सोया सॉस. हा सोया सॉस महत्त्वाचा. मांसात जी खोल, खारट-गोडसर चव असते ती इथे मश्रूम, सोया सॉस आणि भाजलेल्या चीजमधून आणायची असते.

शिजवलेले चेस्टनट 200 ग्रॅम, हातानेच कुस्करले. चेस्टनट नावाला सुक्या मेव्यातला, पण त्यात तेल अगदी थोडं आणि पिष्ट भरपूर. रताळ्याच्या आणि बदामाच्या मधली चव. तोच मिश्रणाला मऊपणा देतो. 100 ग्रॅम शिळ्या पावाचा चुरा, 100 ग्रॅम किसलेलं चेडर, दोन अंडी. हे सगळं कालवल्यावर मिश्रण हातात दाबलं की मुटका वळला पाहिजे, पण बोटांना ओलं लागलं पाहिजे. आपण कोथिंबीर वडीचं पीठ जोखतो, अगदी तसं. पावाच्या लांबट साच्यात कागद अंथरून, तळाशी सेजची पानं आणि क्रॅनबेरीचा थर देऊन त्यावर मिश्रण दाबून भरलं. उलटा केल्यावर लाल क्रॅनबेरी वर येतात आणि टेबलावर तो लखलखतो.

मी तेव्हा अंडं खात होते. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी दर अंड्याला एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घालावी. तिचा चिकटपणा पुरतो. मात्र असा रोस्ट गरम असताना कापू नये, पंधरा-वीस मिनिटं निवू द्यावा.

आता वेळेचं गणित, कारण इंग्रज घरात ओव्हन बहुधा एकच. टर्की भाजायला तीनचार तास लागतात, आणि ती बाहेर काढल्यावर कापण्याआधी पाऊणएक तास मुरायला ठेवतात. तोच पाऊण तास आपला. आदल्या दिवशी झाकून भाजून ठेवलेला नट रोस्ट फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढायचा आणि टर्की बाहेर आली की बटाट्यांच्या शेजारी आत सरकवायचा. 180 अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं. शेवटची दहा मिनिटं वरचा कागद काढून, म्हणजे वरून खरपूस होतो. बटाटे अर्थातच तेलात.

बाकी सापळेही सांगून ठेवते. स्टफिंग पक्ष्याच्या पोटात शिजलेलं असू शकतं. वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. मिन्स पायच्या सारणात आज मांस नसतं, पण सूएट म्हणजे गुरांची चरबी असू शकते, आणि ख्रिसमस पुडिंगमध्येही. वनस्पतीजन्य सूएट बाजारात सहज मिळतं. शाकाहारी ग्रेव्ही वेगळ्या भांड्यात करायची: कांदा मंद आचेवर तासभर तांबूस करून, त्यात सुक्या मश्रूमचं पाणी आणि थोडं पीठ. तिला स्वतःचा डाव द्या. दोन्ही ग्रेव्ह्यांत एकच डाव फिरला तर सगळी मेहनत पाण्यात.

हे सगळं आपल्याकडे करायचं तर चेस्टनट कुठून आणायचे? माझं उत्तर शिंगाडे. डिसेंबरात मंडईत ओले किंवा उकडलेले शिंगाडे असतातच. उकडून, सोलून, हाताने कुस्करले की तोच पिठूळ गोडवा मिळतो; मी पुण्यात दोनदा केलं आहे. गोव्यात ख्रिस्ती मित्राच्या घरी बोलावणं असेल तर तिथे नट रोस्टचा आग्रह धरायची गरजही नाही. त्यांच्या स्वयंपाकात भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याची मश्रूम शागुती आहे, आणि इडलीसारख्या सान्नांबरोबर ती सणाला शोभते. फक्त ती मोठ्या भांड्यात, सगळ्यांसाठी हवी.

कारण सॅल्फर्डला त्या दुसऱ्या वर्षी हेच घडलं. सासूबाईंनी नट रोस्ट टर्कीच्या शेजारी, मधोमध ठेवला. सुरी त्यांनी माझ्या हातात दिली. मी कापत गेले आणि नऊच्या नऊ ताटं पुढे आली. मला दोन तुकडे मिळाले, सासरे तिसरा मागत होते तोवर साचा रिकामा होता.

यंदा तुमच्या टेबलावर शाकाहारी पाहुणा येणार असेल तर त्याला आठवडाभर आधी फोन करून एवढं विचारा: अंडं चालतं का, चीज कोणतं चालतं, मश्रूम आवडतात का. आणि साचा एकाच्या हिशेबाने घेऊ नका. जेवायला जितकी माणसं, तितक्यांच्या हिशेबाने घ्या.