‘धरणे’ आणि ‘हाकणे’ : एका यंत्रजोडणीतून दिसणारा भेद

मराठी शेतकरी नांगर धरतो आणि बैल हाकतो. एका जोडीच्या हलक्या औतावर ही दोन्ही कामे एकच माणूस करीत असल्यामुळे त्यांतील भेद सहसा ध्यानात येत नाही. काळ्या भारी जमिनीत तीन-चार जोड्यांचा जड लाकडी नांगर चाले, तेव्हा मात्र एक माणूस रुमण्यावर असे आणि बैल हाकावयास दुसरा लागे. बोलण्यात ही क्रियापदे एकमेकांच्या जागी येतात, हे खरे. परंतु त्यांच्यामागे दोन भिन्न क्रिया आहेत, याचा पुरावा अमेरिकेतील एका घरगुती खटपटीतही सापडतो.

तेथील छोटे शेतकरी व बागाईतदार मागून चालत चालवावयाचा टिलर कधी कधी ए. टी. व्ही.च्या मागे जोडू पाहतात. ए. टी. व्ही. म्हणजे मोटारसायकलीप्रमाणे बैठकीवर दोहोंकडे पाय टाकून बसावयाची, रुंद व कमी दाबाच्या चार चाकांची गाडी. ‘टिलर’ या शब्दाविषयी कोशकाराने सावध असावे. सुकाणूचा दांडा, रोपाचा फुटवा आणि मशागतीचे यंत्र हे इंग्रजीत तीन वेगळ्या मुळांचे शब्द आहेत. आपल्या यंत्राचे नाव ज्या प्राचीन इंग्रजी धातूपासून आले, त्याचा मूळ अर्थ ‘झटणे’ असा आहे.

झटावे लागते ते कशासाठी, हे मात्र समजून घ्यावयास हवे. ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड याने 1912 मध्ये गिलगँड्रा येथे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करण्याचे प्रयोग आरंभिले. पुढे त्याने इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची पाती योजिली. अशा यंत्रात पाती चाकांच्याच दिशेने फिरत असतील, तर ती माती खणता खणता यंत्राला पुढे रेटतात. म्हणजे नांगर ओढावा लागतो, तर हे यंत्र आवरावे लागते. जमीन कठीण लागली की पाती आत न शिरता पृष्ठभागावरून चाकासारखी धावतात आणि यंत्र माणसाला ओढीत नेते. म्हणून पुढे पाती असलेल्या लहान टिलरला मागे एक लोखंडी खुंटा असतो. मूठ दाबली की खुंटा मातीत रुततो, गती मंदावते व पाती खोल जातात. मूठ उचलली की यंत्र सुटते. हाकण्याचे काम इंजिनाकडे गेले, परंतु धरण्याचे माणसाकडेच राहिले.

ए. टी. व्ही.च्या जोडणीत हे नेमके उलटते. बहुतेक ए. टी. व्हीं.ना शेतीऔजार फिरविणारा शक्तिदंड नसतो. त्यामुळे टिलरचे इंजिन तसेच ठेवावे लागते. मुठी काढून त्यांच्या जागी दांडी बसवितात. टिलरच्या चाकांना इंजिनाकडून मिळणारी चाल तोडून ती मोकळी करावी लागते, नाहीतर दोन वाहने दोन गतींनी एकमेकांशी झगडतात. सांधा वरखाली हलणारा हवा. तो ताठ असला तर उंचवट्यावर पाती जमिनीतून उचलली जातात. गतीची अडचण वेगळीच. मशागत सावकाश चालीनेच व्हावयास हवी, आणि ए. टी. व्ही. सर्वांत खालच्या गिअरमध्येही बहुधा त्याहून वेगाने जाऊ पाहते. मग ढेकळे मोठी राहतात. या सर्वांवर कारागीर उपाय काढतोच. खोलीसाठी तो बाजूला घसरपट्ट्या किंवा उंची बदलता येणारी चाके लावतो. धरण्याच्या क्रियेचा एक अंश असा लोखंडाकडे सोपविला जातो.

परंतु दुसरा अंश सहज सोपविता येत नाही. मागून चालावयाच्या अनेक टिलरांवर मुठीशी एक दाबकळ असते. हात सुटला की पाती थांबतात. माणूस घसरून पडला, तरी त्याचे सुटलेले हातच त्याला वाचवितात. मुठी काढल्या की ही कळ निरुपयोगी होते. ती तारेने बांधून कायमची दाबून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय असून सर्वांत घातक आहे. स्वार पुढे पाहत असतो, पाती त्याच्या पाठीमागे फिरत असतात, आणि तो गाडीवरून पडला तरी त्यांना थांबविणारे कोणी उरत नाही. स्वाराच्या अंगाला दोरीने जोडलेली, तो बैठकीवरून हटताच टिलरचे इंजिन बंद करणारी खटकी बसविल्यावाचून ही जोडणी पुरी झाली असे म्हणू नये.

परिभाषेच्या दृष्टीने येथे एक उणीव दिसते. आपण भागांना नावे देतो : लाङ्गलापासून नांगर, फालापासून फाळ, युगापासून जू, आणि आता हिच, पिन, गिअर. इंग्रजी शब्द आले याचे मला फारसे वैषम्य वाटत नाही. परंतु ‘खोली-नियंत्रक दांडा’ यासारख्या संज्ञेतून तो दांडा कोणाच्या हाताचे काम करीत आहे, हे कळत नाही. ‘धरदांडा’ म्हटले असते तर कळले असते.

कोकणातील भातखाचरांत पॉवर टिलरमागून चिखलात चालणारा माणूस पाहावा. काही टिलरांना मागे चाकावरची बैठक जोडता येते. माणूस बसतो, पण दोन्ही मुठी त्याच्या हातांतच असतात. तेथे चालणे तेवढे सुटले आहे, धरणे सुटलेले नाही.