थंड मुलखातली परसबाग

महाराष्ट्रातला शेतकरी आभाळाकडे बघतो ते पावसासाठी. मृग कोरडा गेला की त्याच्या वर्षाचे गणित बिघडते. मी राहते ते लीड्स हे गाव इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमध्ये. इथे पावसाची वाट कुणालाच बघावी लागत नाही. तो बाराही महिने हजर असतो. वाट बघायची ती उन्हाची, आणि धास्ती घ्यायची ती गोठवणाऱ्या रात्रींची. मेच्या अखेरीपर्यंत एखादी रात्र अशी येते की सकाळी कोवळे रोप काळे पडलेले दिसते. ऑक्टोबरात पुन्हा तोच खेळ. मधले चार-साडेचार महिने तेवढे भाजीवाल्याच्या हक्काचे.

आमच्या घरामागे पंधरा बाय वीस फुटांचे अंगण आहे. कित्येक वर्षे तिथे नुसते गवत होते. तिथे भाजी लावायचे ठरले ते माझ्या सासऱ्यांमुळे. अण्णा वाई तालुक्यातले शेतकरी. व्हिसा सहा महिन्यांचा, एप्रिल ते सप्टेंबर. आम्ही दोघे नोकरीला, नातवंडे शाळेत. मागच्या खेपेला तिसऱ्या आठवड्यातच त्यांनी "मला आपलं परत पाठवा" असा धोशा लावला होता. ज्या माणसाने सत्तर वर्षे मातीत हात घातला, त्याला खिडकीशी खुर्ची देऊन भागत नाही. म्हणून या खेपेला ते यायच्या आधी, जानेवारीतच मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

आधी ऊन मोजा

आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो, त्यामुळे सावली शोधावी लागते. लीड्समध्ये तो डोक्यावर कधीच येत नाही. डिसेंबरात भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश वर, आणि जूनमध्ये सुमारे साठ. घराची सावली हिवाळ्यात सगळे अंगण गिळते आणि जूनमध्ये भिंतीशी आखडून बसते. तेव्हा पहिले काम म्हणजे निरनिराळ्या वेळी सावली कुठपर्यंत येते त्याच्या खुणा करणे. निदान सहा तास ऊन मिळेल ती जागा टोमॅटो आणि घेवड्याला. तीन-चार तास मिळाले तरी पालेभाजी खूश असते.

मग वाफे. चार फूट रुंद, आठ फूट लांब असे चार, मध्ये दोन-दोन फुटांची वाट. रुंदी चारच फूट, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. इथली माती चिकण. ओली असताना तुडवली की वीट होते. वाफा फळ्या लावून वीतभर उंच केला की पाणी निचरते आणि माती लवकर ऊब धरते. गार, ओल्या मातीत बी उगवण्याऐवजी कुजते.

दिवसाची लांबी

थंडीइतकीच महत्त्वाची, पण आपल्या लोकांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे दिवसाची लांबी. वाईचा सर्वांत मोठा दिवस साधारण तेरा तासांचा, लीड्सचा सतरा. नाशिककडचा कांदा अकरा-बारा तासांच्या दिवसात गड्डा धरणारा. तो इथे वसंतात लावला तर रोप लहान असतानाच गड्डा धरतो आणि तो लहानच राहतो. वालाचे उलटे. त्याला फुलायला लहान दिवस लागतात. वेल ऑगस्टभर नुसता माजतो आणि फूल येईतो थंडी दाराशी असते. कोथिंबीर जूनमध्ये पेरली की पाने देण्याआधी तुरा काढते. ती एप्रिलपासून थोडी थोडी, दर तीन आठवड्यांनी पेरावी. सर्वांत चांगली मिळते ती ऑगस्टच्या पेरणीची. भेंडीचा नाद उघड्यावर सोडूनच द्यावा. भारतातून बी पिशवीत टाकून आणायचा मोहही टाळावा; प्रमाणपत्राशिवाय ते आणता येत नाही. मेथी आणि धणे इथल्या वाणसामानाच्या दुकानातलेही छान उगवतात.

चार वाफ्यांत चार कुळे ठेवली: एकात बटाटा, दुसऱ्यात वाटाणा, घेवडा आणि मेथी, तिसऱ्यात नवलकोल, मुळा आणि केल, चौथ्यात कांदा, लसूण, गाजर आणि कोथिंबीर. दरवर्षी कुळे एकेक वाफा पुढे सरकतात, म्हणजे एकाचा रोग मातीत घर करत नाही. टोमॅटोची रोपे मार्चमध्ये खिडकीत वाढवायची, मेच्या मध्यापासून आठवडा-दहा दिवस दिवसा बाहेर, रात्री आत अशी सवय लावायची आणि जूनच्या तोंडाशी दक्षिणेकडच्या भिंतीलगत कुंड्यांत लावायची.

अण्णा आले ते बटाट्याच्या लागणीच्या सुमाराला. नकाशा पाहून म्हणाले, "सूनबाई, रोहिणी नाही, मृग नाही, मग पेरायचं कशावर?" मी मातीत खुपसायचा थर्मामीटर त्यांच्या हाती दिला. सात अंशांवर वाटाणा, बारा अंशांवर घेवडा. त्यांनी तो दोन दिवस वापरला आणि मग मुठीत माती धरून आकडा सांगू लागले. फार चुकत नसत.

गोगलगायींनी मात्र त्यांचा अंत पाहिला. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बागेत वापरायला इथे २०२२ पासून बंदी आहे. रात्री दहाला, संधिप्रकाश असतानाच, अण्णा बॅटरी आणि बादली घेऊन त्या वेचायला निघत. पलीकडचे वृद्ध गृहस्थही त्याच कामाला बाहेर असत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण बादल्या दाखवून रोजचा हिशेब होई.

मेच्या अखेरीस पहिली मेथी ताटात आली, जुलैत बटाटे निघाले. तीनशे चौरस फुटांत घर पोसले जात नाही, हे स्पष्टच सांगते. कांदे-बटाटे आम्ही विकतच आणले. पण त्या सहा महिन्यांत "परत पाठवा" हा शब्द एकदाही निघाला नाही.

सप्टेंबरअखेर जाण्यापूर्वी त्यांनी पुढच्या वर्षीचे वाफे नकाशात स्वतः भरले. लसूण ऑक्टोबरात लावावा लागतो. हिवाळ्याची थंडी खाल्ल्याखेरीज त्याच्या नीट पाकळ्या होत नाहीत. त्यांनी इथल्याच बियाण्याच्या गड्ड्यांतल्या मोठ्या पाकळ्या निवडून कागदी पिशवीत ठेवल्या, वर लिहिले, "सहा बोटांवर एक. टोक वर." तो जुलैत निघेल. एप्रिलचे तिकीट आत्ताच काढून ठेवावे, असे त्यांचे फोनवर म्हणणे आहे.