एक बटण त्याला लावू द्या
स्वमग्न मुलांना रोजची कामे कशी शिकवावीत?

सकाळची वेळ. डेअरीला दूध घालायचे आहे, तव्यावर भाकरी आहे, शेतावर बाया खोळंबल्या आहेत. आणि तुमचा दहा वर्षांचा मुलगा सदरा हातात धरून नुसता उभा आहे. तुम्ही दोनदा सांगता, तीनदा सांगता. तो तुमच्याकडे बघतही नाही. शेवटी तुम्हीच पुढे होता, बाह्या घालता, पाचही बटणे लावता, भांग पाडता आणि कामाला पळता. दोन मिनिटांत काम उरकते. उद्याही असेच होते, परवाही असेच. मग एक दिवस तो पंचवीस वर्षांचा होतो, तुमचे गुडघे दुखू लागतात, आणि बटणे अजून तुम्हीच लावत असता.

ज्या घरात स्वमग्न मूल आहे, त्या घरातल्या आईबापांची झोप उडवणारा प्रश्न एकच असतो : आपल्यामागे याचे कसे होणार? वाचकहो, या प्रश्नाचे सगळे उत्तर कोणाजवळच नाही. पण त्यातला मोठा वाटा तुमच्या न्हाणीत, स्वयंपाकघरात आणि गोठ्यात आहे. तो कसा मिळवायचा, हे आज पाहू.

हा आजार नव्हे, घडण वेगळी

स्वमग्नतेला डॉक्टर ऑटिझम म्हणतात. अशा मुलाच्या मेंदूची घडणच मुळात वेगळी असते. हाक मारली तरी वळत नाही, नजरेला नजर देत नाही, तेच तेच शब्द बोलत राहते, वस्तू ओळीत मांडत बसते, रोजच्या क्रमात जरा बदल झाला की आकांत करते. काही मुले भरपूर बोलतात, काही मुळीच बोलत नाहीत. कोणी हुशार असते, कोणाला समजायला फार वेळ लागतो. दोन स्वमग्न मुले कधी सारखी नसतात.

हे वेड नव्हे, बाहेरची बाधा नव्हे. आईची माया कमी पडली म्हणून हे होत नाही आणि लस टोचली म्हणूनही होत नाही. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. तेव्हा गंडेदोऱ्यांवर आणि 'हमखास बरे करतो' म्हणणाऱ्यांवर कष्टाचा पैसा घालवू नका. ही मुले शिकतात. मात्र आपल्या वेगाने आणि आपल्या वाटेने शिकतात.

शेतावर वाढलेला डोनाल्ड

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे लहानसे गाव आहे. डोनाल्ड ट्रिपलेट हा तिथला, १९३३ सालचा जन्म. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांविषयी एक निबंध लिहिला आणि त्यातून स्वमग्नता जगाला ठाऊक झाली. त्या अकरांतला पहिला मुलगा हाच.

डोनाल्ड नऊएक वर्षांचा असताना, १९४२ साली, आईवडिलांनी त्याला गावापासून दहा मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले. हे जोडपे दुसऱ्याची जमीन कसणारे कूळ होते. डोनाल्डला मोजण्याचा भारी नाद. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत बसे. त्या दोघांनी त्याला रागे भरले नाही. नांगर हाती दिला आणि सांगितले, नांगरता नांगरता मोज. मापे घेण्याचा नाद होता, तर त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल गेली ते सांगत जा म्हणाले. मेलेले पक्षी आणि किडे तो गोळा करी, तर त्यांना पुरायला एक कोपरा नेमून दिला. १९४५ साली डॉ. कॅनर त्याला भेटायला शेतावर गेले. बारा वर्षांच्या आतला तो पोरगा घोडा जुंपून लांबलचक सहा ओळी नांगरत गेला आणि प्रत्येक टोकाला घोडा व्यवस्थित वळवून परत आला. डॉक्टर थक्क झाले.

पुढे डोनाल्ड कॉलेजात शिकला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला, एकट्याने देशोदेशी हिंडला. २०२३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, तो वारला. खरे तेही सांगितले पाहिजे. त्याचे घर सधन होते, बँक आजोळची होती आणि त्याची स्मरणशक्ती दांडगी होती. प्रत्येक मूल डोनाल्ड होणार नाही. पण त्या जोडप्याची युक्ती आपल्या प्रत्येकाच्या कामाची आहे : मुलाचा नाद मोडू नका, त्याला कामाला जुंपा.

काम तोडा आणि शेवटून शिकवा

'आंघोळ कर' हा आपल्याला एकच शब्द वाटतो. खरे तर ती दहा-बारा कामे आहेत. बादली भरणे, कपडे काढणे, अंगावर पाणी घेणे, साबण लावणे, तो धुणे, अंग पुसणे. स्वमग्न मूल बरेचदा दोन कामांच्या मधेच अडते. पुढे काय करायचे, ते त्याला सुचत नाही. म्हणून आधी एकच काम निवडा आणि त्याचे बारीक तुकडे करा.

आता सदऱ्याचेच घ्या. पहिल्या दिवशी चार बटणे तुम्ही लावा. सगळ्यात खालचे ठेवा, कारण मान खाली घातली की ते त्याला दिसते. ते बटण काजातून अर्धे तुम्ही घाला आणि उरलेले अर्धे त्याला ओढू द्या. झाले, सदरा घालून झाला! शेवट त्याच्या हातून झाला, म्हणून काम पुरे केल्याचे समाधान त्याला मिळते. आठ-पंधरा दिवसांनी ते पूर्ण बटण त्याचे. मग त्याच्या वरचे. असे वर वर चढत जा. सदरा सैल आणि बटणे मोठी असली तर लवकर जमते. शिकवताना त्याच्या मागे बसा आणि त्याच्या हातावर आपले हात ठेवा, म्हणजे उजवे-डावे उलटे होत नाही. हाताचा जोर रोज थोडा कमी करा, मग नुसते कोपराला बोट लावा, मग तेही काढून घ्या.

हा धडा सकाळच्या घाईत देऊ नका. संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, घर शांत असताना द्या.

बोला कमी, दाखवा जास्त

या मुलांपैकी पुष्कळांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले लवकर कळते. आंघोळीच्या एकेका कामाचा मोबाइलवर फोटो काढा, तालुक्याला गेलात की छापून आणा आणि न्हाणीच्या भिंतीवर ओळीने चिकटवा. तेवढे जमत नसेल तर साबण, टॉवेल, चड्डी, सदरा अशा वस्तू क्रमाने मांडून ठेवा. वस्तूच पुढचे काम सांगतील.

सांगायचे ते थोडक्यात आणि नेमके सांगा. 'नीट आंघोळ कर' यातले 'नीट' त्याला कळत नाही. 'दहा तांबे घे' हे कळते. 'दात स्वच्छ घास' याऐवजी प्रत्येक बाजूला दहापर्यंत मोजा. 'पळू नको' म्हणण्यापेक्षा 'हळू चाल' म्हणा.

जमले की लगेच शाबासकी द्या. शाबासकी त्याच्या आवडीची हवी : गुळाचा खडा, किंवा सायकलचे चाक पाच मिनिटे फिरवत बसण्याची मुभा. मारून काहीही साधत नाही, उलट त्या कामाचीच धास्ती बसते. आणि घरातल्या सर्वांनी एकाच रीतीने शिकवावे. आजी मायेपोटी म्हणते, "राहू दे गं, लेकरू दमलं, मीच घालते." आजींनो, तुमची माया खरी आहे. पण त्या एका वाक्याने महिन्याची मेहनत वाया जाते.

हट्ट की त्रास?

पोर दात घासू देत नाही, केस कापायला बसत नाही, नवा कपडा फाडून काढते. आपण म्हणतो, हट्टी आहे. पण पुष्कळ स्वमग्न मुलांना स्पर्श, आवाज आणि वास आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतात. मानेवरची चिठ्ठी काट्यासारखी टोचते, कुकरची शिट्टी कानात घुसते. चिठ्ठी कापून टाका, नवा कपडा दोन-तीनदा धुऊन मगच घाला, ब्रश मऊ घ्या. काहींचे उलट असते, भाजले तरी पटकन कळत नाही. अशा मुलाला आधी बादलीत गार पाणी आणि मग वरून गरम, हा क्रम पक्का शिकवा.

गोठ्यातली शाळा

शेतकऱ्याच्या घरी एक मोठी सोय आहे. इथे तीच तीच आणि ठरल्या वेळेची कामे भरपूर असतात, आणि या मुलांना तेच मानवते. वासराला पाणी दाखवणे, अंडी मोजून ठेवणे, कांदे लहान-मोठे वेगळे करणे, रोपांच्या पिशव्या भरणे. ओळी लावण्याचा नाद असेल त्याला रोपे ओळीत मांडू द्या. मात्र कडबाकुट्टी, मळणी यंत्र आणि फवारणीची औषधे यांपासून त्याला लांब ठेवा.

पाण्याचे विशेष सांगतो. स्वमग्न मुले न सांगता घराबाहेर निघून जातात आणि त्यांतल्या पुष्कळांना पाण्याची ओढ असते. विहिरीला कठडा आणि जाळी, शेततळ्याला कुंपण करा. जमेल तितक्या लवकर पोहायला शिकवा. सदऱ्याच्या आत फोन नंबर शिवून ठेवा आणि वस्तीवरच्या लोकांना सांगून ठेवा. मूल दिसेना झाले की आधी पाण्याकडे धावा.

वयात येताना

मुलीची पाळी सुरू होण्याच्या आधीच घडी किंवा पॅड लावण्याची सवय करा. महिन्यातून दोन-चार दिवस कोरडेच लावून बसवा. बदलायचे कुठे, टाकायचे कुठे, हे चित्रांनी दाखवा. मुलगा असो वा मुलगी, कपडे दार लावूनच बदलायचे आणि अंगाला कोणी हात लावला तर घरी सांगायचे, हे लहानपणापासून शिकवा. ज्याचे सगळे दुसरेच करतात, त्याला कोणाचा हात नको म्हणायचा हेच कळत नाही. म्हणूनही आंघोळ आणि शौचाची स्वच्छता आपली आपण करता येणे फार मोलाचे आहे.

कागदपत्रे

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता मोडते. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मुलाची तपासणी करून घ्या आणि दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्र (यूडीआयडी) काढा. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो. मूल अठरा वर्षांचे झाले आणि त्याला पालकाची गरज असली, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. हे काम हातपाय चालत असतानाच करून ठेवा.

आणि हे सारे आजच्या आज होणार नाही, म्हणून घाबरू नका. एखादे मूल एका बटणाला सहा महिने घेईल. एखाद्याला पाचही बटणे कधीच जमणार नाहीत, पण बिनबटणाचा सदरा तो आपल्या हाताने डोक्यातून घालील. तेही चालेल. आपल्यामागे त्याला सांभाळणारा भाऊ असो, भावजय असो की परका माणूस असो, आपले आपण जेवणारा, नाहणारा आणि चार कामांना हात लावणारा माणूस कोणालाही जड होत नाही.

तेव्हा आज संध्याकाळी सदरा घ्या, त्याच्या मागे बसा आणि चार बटणे लावा. पाचवे त्याला लावू द्या.